पट्ट्याची कव

हमदान गाडी घेऊन परत आला, शुक्रवार असून.
शटर अर्धं खाली, टेकबहादूर जमिनीवर बसून कांदा चिरत होता.
अल ऐनच्या सनाइयात शुक्रवारी सकाळी
फक्त मांजरं कामावर असतात.
"सदीक," तो म्हणाला, "साडेचार हजाराच्या वर पुन्हा ओरडतो.
टेकडीच्या ऐन माथ्यावर दम जातो,
आणि माझे चुलतभाऊ खाली उभे राहून हसतात."

काय ओरडतं ते मला ठाऊक होतं.
मार्चमध्ये तो पट्टा मीच बसवलेला,
मीच त्यावर चिकट फवारा मारलेला,
साठ दिरहम घेऊन वर म्हणालेलो,
खलास, आता आवाज येणार नाही.

आठवडाभर आला नाही.
वाळू आली.
चिकटाला वाळू चिकटली, वाळूनं पट्टा घासला,
आता त्याच्या आठ खाचांवर आरशासारखी चकाकी
आणि ब्रॅकेटवर काळी भुकटी, काजळ धरल्यासारखी.

इंजिन निवायची वाट शेचाळीस अंशांत कोण बघतो?
बॉनेट उघडलं.
सुपरचार्जर वर बसलेला, कंपनीनं न दिलेला,
लग्नात बोलावणं नसताना पुढच्या रांगेत बसणाऱ्यासारखा,
आणि त्याला फिरवायचं त्याच एका पट्ट्यानं
जो आधीच अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी
असा सगळा संसार ओढतोय.

कोडोलीला माझ्या आत्याची गिरणी होती.
पट्टा घसरायला लागला की फिरत्या पट्ट्यावर
ती राळेचा खडा धरायची.
पण त्याआधी मशीन थांबवून अंगठ्यानं दाबून बघायची,
पुलीच्या मागं वाकून बघायची,
डबे घेऊन ताटकळलेल्या बायकांना म्हणायची, दम धरा गं.
मी राळ तेवढी उचलली.
वाकणं राहून गेलं.

वाकलो.
ताण ठीक. ताणाची स्प्रिंग ठीक. तेलाचा थेंब कुठं नाही.
अॅल्युमिनियमची पट्टी लावून पाहिली, पुल्या एका ओळीत.
मग शेजारच्या शिंप्याकडून खडू आणला
आणि पट्टा वरच्या पुलीला जिथं टेकतो तिथं एक खूण केली,
सुटतो तिथं दुसरी.
दोन खुणांमध्ये दोरा धरला.
तिसरा हिस्साही नाही.
पट्टा पुलीला लांबून सलाम करून निघून जातो,
ईदची गळाभेट नाहीच.

"ही पुली छोटी कुणी केली?"
हमदाननं खाली पाहिलं. दुबईत. जास्त दमासाठी.
मग मीही सांगितलं, फवारा माझा होता.
दोघं थोडा वेळ त्या पट्ट्याकडंच बघत राहिलो.

गुल झरीनला लेथवरून नव्हे, झोपेतून उठवावं लागलं.
शिव्या पश्तोत, काम मात्र चोख:
दहा मिलिमीटरचा पत्रा, दोन भोकं, एक जादा पुली,
वरच्या पुलीच्या अगदी कुशीत आणलेली,
म्हणजे पट्ट्याला वळसा घ्यावाच लागेल.
जुना पट्टा आता चार बोटं आखूड पडला.
नवा लांब पट्टा मिळेपर्यंत असर झाली,
टेकबहादूरचा भात थिजला.

पुन्हा खडू, पुन्हा दोरा.
अर्ध्याच्या पुढं.
याला आत्या कव म्हणाली असती,
पोत्याला कव घालून उचल, तर पोतं निसटत नाही.

स्वैहानच्या रस्त्यावर हमदाननं पाय दाबला.
चार हजार. साडेचार. पाच.
काटा आठावर गेला आणि तिथंच राहिला.
काही ओरडलं नाही.
इतकं शांत झालं की मागच्या डाव्या चाकातून
एक बारीक घूंऽऽ ऐकू यायला लागली,
बेअरिंगची, बहुतेक मार्चपासूनची,
पट्ट्याच्या बोंबेखाली दडलेली.

हमदान हसत होता, चुलतभावांना फोन लावत होता.
मी खिडकी वर केली. घूं गेली नाही.
खिडकी खाली केली.
"हमदान," म्हणालो, "फोन ठेव जरा."